तीन वर्षांच्या गाडीला साज किती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'बेस मॉडेल की टॉप मॉडेल?' हा. अमेरिकेत हाच प्रश्न 'ट्रिम कोणती?' अशा शब्दांत विचारला जातो. गाडी तीच, इंजिन बहुधा तेच, पण सीटचं कापड, पडद्याचा आकार, चाकांची रिम, स्पीकरची संख्या यांनुसार एकाच गाडीचे तीन-चार प्रकार केलेले असतात आणि प्रत्येक पायरीला दोन-चार हजार डॉलर वाढत जातात. सॅन होजे असो की न्यू जर्सीतलं एडिसन, तिथं स्थिरावू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न हमखास येतो. आपली मुलं, पुतणे, भाच्या तिकडे असतील, तर तो आपल्याही कानावर आलेला असेल.

त्यात आता आणखी दोन गोष्टींची भर पडली आहे. एक म्हणजे गाडी विकत न घेता लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेणं. दुसरी म्हणजे प्लग-इन हायब्रिड गाडी. या गाडीत पेट्रोलचं इंजिनही असतं आणि घरच्या प्लगवर भरता येणारी बऱ्यापैकी मोठी बॅटरीही. रोजचं जवळचं अंतर विजेवर जायचं आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल वापरायचं, अशी ही सोय. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ट्रिमचा हिशेब नेहमीच्या हिशेबापेक्षा वेगळा होतो. तो नीट न कळल्यामुळे माणसं छत्तीस महिने नको तेवढा हप्ता भरत राहतात, किंवा उलट, थोड्या पैशांत मिळणारी सोय विनाकारण सोडून देतात.

पैसे कशाचे?

लग्नकार्यासाठी आपण मोठी भांडी भाड्यानं आणतो, तेव्हा भांड्यांची किंमत देत नाही. ती परत करायची असतात. आपण देतो ते त्यांच्या वापराचे आणि झिजेचे पैसे. लीजचंही तसंच आहे. समजा, गाडी आज तीस हजार डॉलरची आहे आणि तीन वर्षांनी ती अठरा हजारांची उरेल असं लीज देणाऱ्या कंपनीनं धरलं, तर मधले बारा हजार ही झीज. ती छत्तीस महिन्यांत वाटून आपल्याकडून घेतली जाते. तीन वर्षांनंतरच्या या किंमतीला तिकडे 'रेसिड्युअल' म्हणतात. आपण तिला उरलेली किंमत म्हणू. ती आधीच ठरवलेली असते आणि छापील किंमतीच्या टक्क्यांत सांगितली जाते.

झिजेखेरीज दुसरा भाग व्याजाचा. कंपनीचे पैसे गाडीत अडकलेले असतात, त्यांचं हे भाडं. ते काढायला 'मनी फॅक्टर' नावाचा एक छोटासा आकडा वापरतात, उदाहरणार्थ ०.००२५. आकडा इतका लहान दिसतो की कुणाला त्याची भीती वाटू नये! पण त्याला २४०० नं गुणलं की वार्षिक व्याजाचा दर मिळतो. ०.००२५ म्हणजे ६ टक्के. गाडीची ठरलेली किंमत आणि उरलेली किंमत यांची बेरीज करून तिला मनी फॅक्टरनं गुणलं की महिन्याचं व्याज निघतं.

अमेरिकेत १९७६ साली ग्राहक लीज कायदा झाला. त्यामुळे गाडीची धरलेली किंमत, उरलेली किंमत, झीज आणि भाड्यापोटी घेतली जाणारी एकूण रक्कम करारावर स्पष्ट लिहावी लागते. मनी फॅक्टर मात्र लिहिलाच पाहिजे असं बंधन नाही. तो तोंडानं विचारावा लागतो, आणि विचारावाच.

एक गाडी, तीन उत्तरं

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. टोयोटाची प्रियस प्राइम ही या वर्गातली ओळखीची गाडी. २०२५ च्या मॉडेलपासून तिचं नाव प्रियस प्लग-इन हायब्रिड असं झालं आहे. २०२३ साली ती नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या तीन ट्रिम होत्या. एसई ३२,३५० डॉलर, एक्सएसई ३५,६०० डॉलर आणि एक्सएसई प्रीमियम ३९,१७० डॉलर, वाहतूक खर्च वेगळा. पहिल्या दोन ट्रिममधला फरक ३,२५० डॉलरचा. विकत घ्यायची तर प्रश्न सरळ आहे, की वरच्या ट्रिमसाठी सव्वातीन हजार मोजायचे का?

लीजमध्ये प्रश्न तसा राहत नाही. समजण्यासाठी आपण असं धरू, की मुदत ३६ महिने आहे, मनी फॅक्टर ०.००२५ आहे, डीलरनं सूट दिलेली नाही आणि एसईची उरलेली किंमत ६० टक्के धरली आहे. झिजेचे ३५९ आणि व्याजाचे १२९ मिळून एसईचा हप्ता सुमारे ४८९ डॉलर होतो. कर यात धरलेला नाही.

एक्सएसईचीही उरलेली किंमत ६० टक्केच धरली असेल, तर तिचा हप्ता सुमारे ५३८ येतो. महिन्याला ४९ डॉलर जास्त, म्हणजे तीन वर्षांत सुमारे १,७७० डॉलर. सव्वातीन हजार नव्हे, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक.

पण कंपनीनं वरच्या ट्रिमची उरलेली किंमत ५७ टक्केच धरली तर? मग हप्ता ५६५ होतो आणि तीन वर्षांतला फरक सुमारे २,७४० वर जातो. आणि एखाद्या महिन्यात तीच ट्रिम खपवायची म्हणून तिला ६४ टक्के दिले असतील, तर हप्ता ५०२ येतो. महिन्याला फक्त १३ डॉलर जास्त, तीन वर्षांत पावणेपाचशेच्या आत.

छापील किंमतीतला फरक एकच, उत्तरं मात्र तीन. म्हणून लीजवर गाडी घेणाऱ्यानं किंमतपत्रिका पाहून ट्रिम ठरवू नये. प्रत्येक ट्रिमसाठी डीलरकडून चार आकडे लेखी मागावेत. गाडीची धरलेली किंमत, उरलेल्या किंमतीचे टक्के, मनी फॅक्टर आणि वरचे आकार, हे ते चार. वरच्या ट्रिमवर डीलर जास्त सूट देत असेल, तर स्वस्त ट्रिमचा हप्ता जास्त, असंही कधी कधी घडतं.

इथं एक सावधगिरी. मुदत संपल्यावर गाडी ठेवून घ्यायचा विचार असेल, तर हेच गणित उलटं वाचावं लागतं. ६४ टक्क्यांच्या उदाहरणात हप्ता कमी होता, पण शेवटी गाडी ठेवायची तर २२,७८४ डॉलर मोजावे लागतील. ६० टक्क्यांच्या वेळी तीच रक्कम २१,३६० होती. परत करणाऱ्याला जो आकडा सोयीचा, तो ठेवून घेणाऱ्याला महाग.

आणखी एक. डीलर स्वतः बसवून देतो त्या वस्तूंना, म्हणजे रंगाचं संरक्षण, काचेवरची फिल्म, वेगळ्या पट्ट्या यांना उरलेली किंमत बहुधा मिळतच नाही. कंपनीची ट्रिम घेतली तर तिची झीज भरतो. या वस्तू घेतल्या तर त्यांची सगळी किंमत, शिवाय तिच्यावर व्याज भरतो, आणि तीन वर्षांनी त्या गाडीबरोबर परत देऊन येतो.

साजामुळे गाडीही बदलते

साध्या गाडीत ट्रिम म्हणजे बव्हंशी शोभा आणि सोय. प्लग-इन गाडीत मात्र ट्रिम बदलली की विजेवर गाडी किती जाईल तेही बदलू शकतं, आणि शोरूममध्ये ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. २०२३ च्या प्रियस प्राइमच्या तिन्ही ट्रिमना बॅटरी एकच, १३.६ किलोवॅट-तासांची. पण अमेरिकी पर्यावरण खात्याच्या चाचणीत एसई विजेवर ४४ मैल गेली, तर एक्सएसई ३९ मैल. मुख्य कारण चाकं. एसईला १७ इंची चाकं आहेत, वरच्या दोन्ही ट्रिमना १९ इंची. मोठी रिम रुबाबदार दिसते, पण ती फिरवायला जास्त शक्ती लागते. पेट्रोलवरही फरक पडतो. एसई गॅलनला ५२ मैल देते, एक्सएसई ४८.

पाच मैल ऐकायला बरेच वाटतात. रुपया-पैशांत, म्हणजे डॉलर-सेंटांत, ते किती होतात? समजा, कामावर जाऊन येण्याचं अंतर ४२ मैल आहे आणि वर्षाला २५० दिवस कामाचे. एसई हे अंतर चाचणीच्या आकड्यांप्रमाणे पूर्ण विजेवर काटेल. एक्सएसईला रोज तीन मैल पेट्रोल जाळावं लागेल, म्हणजे वर्षाला ७५० मैल, सुमारे १६ गॅलन. शिवाय विजेवर चालतानाही ती शंभर मैलांना सुमारे ३० युनिट खाते, एसई साडेसव्वीस. पेट्रोल ४ डॉलर गॅलन आणि वीज २० सेंट युनिट धरली, तर सगळा मिळून फरक वर्षाला ऐंशी डॉलरच्या आसपास जातो. तीन वर्षांत अडीचशे. ही रक्कम डोक्यावरून पाणी जाण्याइतकी नाही, पण हप्त्यातल्या फरकात ती मिळवली पाहिजे. मोठ्या रिमचे टायर महाग, खड्ड्यात रिमला इजा होण्याची शक्यता अधिक, आणि लीजची गाडी परत करताना रिमवरचे ओरखडेही मोजले जातात, हेही लक्षात ठेवावं.

कधी याच्या उलटही असतं. वरच्या ट्रिममध्ये उपयोगाची यंत्रसामग्री असते. टोयोटाच्याच राव-फोर प्राइमच्या २०२१ च्या मॉडेलमध्ये एसई ट्रिमला ३.३ किलोवॅटचा चार्जर होता, तर एक्सएसईला प्रीमियम पॅकेज घेतल्यास ६.६ किलोवॅटचा. २४० व्होल्टच्या जोडणीवर पहिल्याला बॅटरी भरायला साडेचार तास लागत, दुसऱ्याला अडीच. दिवसातून दोनदा बाहेर पडणाऱ्या घरात हा फरक मोलाचा आहे. पण घरात १२० व्होल्टचा साधा प्लगच असेल, तर दोन्ही गाड्यांना रात्रभराचे बारा तास लागणार. मग मोठ्या चार्जरचे पैसे वायाच. म्हणून ट्रिमचा तक्ता वाचण्यापूर्वी आपल्या घरची भिंत पाहावी, तिथं कोणता प्लग आहे ते.

प्लग आहे का, आणि वीज कशी पडते?

हा प्रश्न खरं तर सर्वांत आधीचा. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, खाली उघड्यावर गाडी लावणाऱ्या माणसाला रोज रात्री गाडी भरता येत नसेल, तर त्याच्यासाठी प्लग-इन गाडी म्हणजे न वापरलेल्या बॅटरीचं ओझं वाहणं. त्याला साधी हायब्रिड बरी. २०२३ च्या साध्या प्रियसची एलई ही ट्रिम गॅलनला ५७ मैल देते, प्लग-इनपेक्षा जास्तच.

प्लग असला तरी विजेचा दर पाहावा. एसई एका मैलाला सुमारे ०.२६५ युनिट वीज घेते. पेट्रोल ४ डॉलर असेल, तर तीच गाडी पेट्रोलवर मैलाला पावणेआठ सेंट खाते. भागाकार केला की कळतं, विजेचं युनिट २९ सेंटांच्या आसपास गेलं की वीज आणि पेट्रोल सारखंच पडतं. वॉशिंग्टन राज्यात वीज याहून पुष्कळ स्वस्त आहे. तिथं बॅटरीचा प्रत्येक मैल बचतीचा. उत्तर कॅलिफोर्नियात मात्र अनेक घरांना दर याहून जास्त पडतो. तिथं पेट्रोलही महाग असतं हे खरं, तरी रात्रीच्या सवलतीच्या दराची योजना न घेता गाडी भरली, तर पैशांची बचत जवळजवळ शून्यावर येऊ शकते. हवा स्वच्छ राहण्याचा फायदा आहेच, पण 'वीज म्हणजे फुकट' असं धरून वरच्या ट्रिमचा हप्ता वसूल होईल असं मानणं बरोबर नाही.

मित्राचा हप्ता आणि आपला हप्ता

परदेशात गाडीचा निर्णय पुष्कळदा मित्राच्या अनुभवावर होतो. 'त्याला तर टॉप मॉडेल इतक्यात मिळालं' हे वाक्य ऐकलं, की त्याला ते कोणत्या साली मिळालं हे आधी विचारावं. २०२३ च्या जानेवारीपासून लीज देणाऱ्या कंपनीला अशा गाड्यांवर ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळू शकत होती, आणि बऱ्याच कंपन्या ती हप्त्यातून वळती करून देत. प्रियस प्राइम जपानमध्ये तयार होत असल्यानं ती विकत घेणाऱ्याला सवलत नव्हती, लीजवर घेणाऱ्याला मात्र तिचा लाभ पोचू शके. त्यामुळे त्या काळात अनेकांना लीज सोयीची वाटली आणि वरची ट्रिमही आवाक्यात आली. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी ही सवलत बंद झाली. कॅलिफोर्नियात एकट्या चालकाला राखीव मार्गिकेतून जाऊ देणारं स्टिकरही त्याच दिवशी संपलं. आता कंपनी स्वतःहून काही सूट देत असेल तर ती वेगळी. पण मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा हप्ता मापाला धरू नये.

न दिसणाऱ्या अटी

लीजमध्ये वर्षाचे मैल ठरलेले असतात, बहुधा १०, १२ किंवा १५ हजार. वरच्या प्रत्येक मैलाला साधारण १५ ते २५ सेंट दंड. मघाच्या उदाहरणातला रोज ४२ मैल जाणारा माणूस केवळ कामावर जाण्यात वर्षाला १०,५०० मैल संपवतो. १० हजारांची लीज त्याला पुरणारच नाही. विजेवर काटलेले मैलही मोजले जातात, हे सांगायला नको. तेव्हा पैसे घालायचेच असतील, तर मोठ्या पडद्याऐवजी ते मैलांत घालणं अनेकांच्या हिताचं ठरेल.

सुरुवातीला मोठी रक्कम भरून हप्ता कमी करण्याचा मोहही टाळावा. पहिल्याच वर्षी अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला जातात. आपण आधी भरलेली रक्कम सहसा परत येत नाही. विम्याची रक्कम आणि कंपनीचं येणं यांतली तफावत भरून काढणारं 'गॅप' संरक्षण करारात आहे ना, तेही पाहून घ्यावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपली बरीच मुलं एच-१ बी व्हिसावर काम करतात. नोकरी गेली, तर त्यांना दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. लीजचा करार मात्र त्यासाठी थांबत नाही. मुदतीपूर्वी गाडी परत केली, तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग आणि वर दंड, असं हजारो डॉलरचं देणं अंगावर येऊ शकतं. काही कंपन्या लीज दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही देत नाहीत. हे सही करण्याआधी विचारावं. ज्याचं उद्याचं ठिकाण आज नक्की नाही, त्यानं ट्रिम निवडताना 'मला किती परवडतं' यापेक्षा 'पगार थांबला तर किती महिने परवडेल' हे मोजावं. खालची ट्रिम घेऊन हप्त्यात वाचलेले पन्नास-पाऊणशे डॉलर अशा वेळी उपयोगी पडतात.

मग वरची ट्रिम कधी?

वरची ट्रिम घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. सुरक्षिततेची मुख्य साधनं सगळ्या ट्रिममध्ये आहेत का, हे आधी पाहावं. प्रियस प्राइममध्ये टोयोटाची 'सेफ्टी सेन्स' ही प्रणाली खालच्या ट्रिमपासूनच आहे, त्यामुळे तिच्यासाठी वर चढायची गरज नाही. ज्या गाडीत असं साधन फक्त वरच्या ट्रिमला असेल, तिथं मात्र पैशांकडे पाहू नये.

त्यानंतर रोज हाताला लागणाऱ्या सोयी. नवरा-बायको दोघंही तीच गाडी चालवत असतील आणि दोघांच्या उंचीत फरक असेल, तर बटणानं पुढेमागे होणारी सीट रोज दोनदा उपयोगी पडते. शिकागोच्या थंडीत गरम होणारी सीट ही चैन नव्हे. तिथं आणखी एक फायदा मिळू शकतो. सीट गरम करायला थोडी वीज लागते, सगळी गाडी गरम करायला बरीच, आणि काही प्लग-इन गाड्यांत त्यासाठी इंजिनच सुरू होतं. पण १२.३ इंची पडदा आणि नामांकित कंपनीचे स्पीकर यांची नवलाई महिन्याभरात ओसरते. हप्ता पुढे पस्तीस महिने राहतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी घरचा प्लग आणि विजेचा दर, मग रोजचे मैल, मग आपल्या नोकरीची आणि मुक्कामाची खात्री, आणि सर्वांत शेवटी ट्रिम. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तर आपण लहानपणापासून ऐकतोच. इथं अंथरूणही आपलं नसतं. ते तीन वर्षांनी, डाग न पाडता, घडी घालून परत द्यायचं असतं. जे ठेवायचं नाही, त्याच्या शोभेवर किती खर्च करायचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मात्र आकडे कागदावर मांडून ठरवावं, शोरूमच्या दिव्यांखाली नव्हे.